थ्रेडला दिलेला नंबर वाटेत का बदलतो? सी मधल्या एका नेहमीच्या चुकीचं समस्या निवारण

“सर, पाच थ्रेड केले, पाचही थ्रेड ‘मी ५’ म्हणताहेत. शून्य, एक, दोन गेले कुठं ओ?”

बेळगावच्या टिळकवाडीत संध्याकाळी मी सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतो. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये इतरांसोबत एकाच वेळी चालणारं वेगळं काम. दर सेमिस्टरला हा प्रश्न येतोच. कधी खानापूरहून रेल्वेनं येणारी मुलगी विचारते, कधी निपाणीचा मुलगा रात्री उशिरा स्क्रीनचा फोटो पाठवतो. दहातल्या आठ वेळा चूक तीच असते आणि तरीही प्रत्येकाला वाटतं की आपला कॉम्प्युटर बिघडला. घरी मराठी, बाजारात कन्नड, वर्गात इंग्रजी, अशा तीन भाषांत आपली मुलं वावरतात. ही एक गोष्ट तरी त्यांना आपल्या भाषेत सावकाश वाचता यावी, म्हणून हे लिहितोय. फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती नेहमीच्या स्पेलिंगनं करायची.

लक्षणं

खालीलपैकी एखादं दिसत असेल तर पुढं वाचा.

पाच थ्रेडना ० ते ४ नंबर द्यायचे होते, पण सगळे ५ छापतात. किंवा २, २, ३, ५, ५ असं काहीतरी येतं: एखादा नंबर दोनदा, एखादा गायब. प्रत्येक वेळी चालवल्यावर उत्तर वेगळं. लॅबमधल्या जुन्या मशीनवर बरोबर, घरच्या लॅपटॉपवर चूक. डीबगर लावला किंवा लूपमध्ये एक प्रिंटएफ टाकला की चूक नाहीशी होते आणि काढला की परत येते. नंबरऐवजी ३२७६७ किंवा २१८४५ सारखा भलताच आकडा दिसतो. कधी थेट ‘सेगमेंटेशन फॉल्ट’.

सगळ्यांत फसवं लक्षण म्हणजे १, २, ३, ४, ५. सगळे वेगळे, क्रमानं, फक्त एकानं जास्त. मुलं थ्रेडच्या आत ‘वजा १’ करतात आणि सुटलं म्हणून वही मिटतात. ते सुटलेलं नसतं. परीक्षेच्या दिवशी दुसऱ्या मशीनवर तोच प्रोग्रॅम वजा एक करूनही चुकतो.

एक गोष्ट मात्र बिघाडात धरू नका. ३, ०, ४, १, २ असं आलं, म्हणजे क्रम विस्कटला पण प्रत्येक नंबर नेमका एकदाच आला, तर प्रोग्रॅम ठीक आहे. कुठला थ्रेड आधी धावेल हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. आणि काहीच छापलं नाही, किंवा दोनच ओळी आल्या, तर आधी मेन संपतोय का ते बघा. मेनमधून रिटर्न झालं की पूर्ण प्रोसेस संपते, बाकीचे थ्रेड अर्ध्यात तुटतात. तिथं पीथ्रेड_जॉइन, म्हणजे थ्रेड संपेपर्यंत मेनला थांबवणारं फंक्शन, राहिलं असेल; अर्ग्युमेंटचा, म्हणजे थ्रेडला दिलेल्या नंबराचा, दोष नाही.

मुळात होतं काय

मुलांच्या वहीत बहुतेक हे असतं:

फॉर (आय = ०; आय < ५; आय++)
    पीथ्रेड_क्रिएट(&टी[आय], नल, काम, &आय);

पीथ्रेड_क्रिएटला चार गोष्टी लागतात: थ्रेडची ओळख ठेवायची जागा, थ्रेडचे गुणधर्म, चालवायचं फंक्शन आणि त्या फंक्शनला द्यायचा एकच व्हॉइड पॉइंटर, म्हणजे तिथं कुठल्या प्रकारची वस्तू आहे हे न सांगणारा मेमरीतला पत्ता. या चौथ्या जागी आपण जे देतो तो पत्ता असतो. त्या पत्त्यावर आत्ता काय लिहिलंय, ते थ्रेडसोबत जात नाही.

हे मी वर्गात उसाच्या ट्रॅक्टरवरून सांगतो, कारण आपल्याकडच्या पोरांनी गाळपाच्या हंगामात कारखान्याबाहेरची रांग पाहिलेली असते. समजा गेटवरचा माणूस प्रत्येक चालकाला नंबराची चिठ्ठी देण्याऐवजी एका पाटीवर खडूनं नंबर लिहितो आणि सांगतो, “तुझा नंबर त्या पाटीवर आहे, जाऊन बघ.” पहिला चालक ट्रॉली बाजूला लावून पाटीपाशी येईपर्यंत गेटवाल्यानं तिथला नंबर पुसून पुढचा लिहिलेला असतो, कारण मागं रांग आहे. तिसरा आणि चौथा चालक एकदमच पाटीपाशी पोचले तर दोघांना एकच नंबर दिसतो. रांग संपल्यावर आलेल्या सगळ्यांना शेवटचाच आकडा दिसतो. चालकांची नजर चांगली आहे, पाटीही खोटं सांगत नाही. नंबर पाटीवर ठेवला, हातात दिला नाही, एवढीच चूक.

आय ही ती पाटी. लूप संपताना तिच्यावर ५ असतो, म्हणून उशिरा पोचलेले सगळे ५ म्हणतात. प्रत्येक थ्रेड एकेक वाढ झाल्यावर लगेच वाचत असेल तर १ ते ५ येतात. आणि आय जर फॉरच्या कंसातच जाहीर केला असेल, तर लूप संपल्यावर पाटीच उखडलेली असते. मग उशिरा आलेला थ्रेड तिथं काय वाचेल, याची कुठलीही हमी भाषा देत नाही.

पहिली तपासणी: कंपायलर काय म्हणतोय ते वाचा

पैसे शून्य, वेळ एक मिनिट. जीसीसी या कंपायलरला ‘-डब्ल्यूऑल -डब्ल्यूएक्स्ट्रा -पीथ्रेड’ हे तिन्ही पर्याय द्या आणि एकही वॉर्निंग न सोडता वाचा. मुलं बिनवॉर्निंगची कंपाइल करतात, कारण लॅबच्या फळ्यावर तेवढंच लिहिलेलं असतं.

इथं दोन वॉर्निंगचं महत्त्व फार. एक, वेगळ्या आकाराच्या पूर्णांकापासून पॉइंटर केल्याची. ६४ बिटच्या लिनक्सवर इंट ४ बाइटचा आणि पॉइंटर ८ बाइटचा असतो, त्यामुळं दोन्हींची सरळ अदलाबदल कंपायलरला खटकते. दुसरी, फंक्शनचा प्रकार जुळत नसल्याची. थ्रेडचं फंक्शन व्हॉइड पॉइंटर घेणारं आणि व्हॉइड पॉइंटरच परत देणारं हवं. इंट घेणारं फंक्शन लिहून त्यावर कास्ट ठोकला, म्हणजे प्रकार जबरदस्तीनं बदलला, की न जुळणाऱ्या पॉइंटरची वॉर्निंग जाते, पण चुकीच्या प्रकारातून फंक्शन बोलावणं भाषेच्या नियमाबाहेरचं आहे. जीसीसी १४ पासून कास्ट न करता दिलेला असा न जुळणारा पॉइंटर सरळ एरर धरला जातो, आणि ते चांगलंच झालं. वॉर्निंग दाबण्यासाठी कास्ट करू नका, फंक्शनच नीट लिहा.

लिंक करताना पीथ्रेड_क्रिएट सापडत नाही अशी तक्रार आली, तर ‘-पीथ्रेड’ राहिलंय. नव्या लिनक्सवर ते न देताही चालतं, कारण लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या, जीलिबसीच्या, २.३४ आवृत्तीत, २०२१ साली, थ्रेडची लायब्ररी मुख्य लायब्ररीतच घेतली. लॅबमधलं उबुंटू त्याआधीचं असेल तर ते द्यावंच लागतं.

दुसरी तपासणी: सगळ्यांना एकच पत्ता जातोय का?

थ्रेडच्या फंक्शनची पहिली ओळ म्हणून, आलेला पॉइंटर ‘%पी’ नं छापा. पाचही ओळींत तोच लांबलचक पत्ता दिसला, तर बहुतेक वेळा इथंच चोर सापडतो. हा पुरावा विद्यार्थ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा असा माझा आग्रह असतो. मी तोंडी सांगितलेलं विसरतात, पडद्यावर एकाखाली एक पाच सारखे पत्ते पाहिलेला मुलगा विसरत नाही.

पत्ता एकच असेल तर तीन उपाय आहेत.

फक्त छोटा पूर्णांक द्यायचा असेल तर पत्ता देऊच नका, आकडाच पॉइंटरच्या रूपात द्या: ‘(व्हॉइड *)(इंटपीटीआर_टी) आय’. आत उलट दिशेनं, आधी इंटपीटीआर_टी आणि मग इंट. त्यासाठी एसटीडीइंट डॉट एच ही हेडर फाइल लागते. मधला इंटपीटीआर_टी गाळू नका. पॉइंटरएवढा रुंद पूर्णांक म्हणजे तोच, आणि पहिल्या तपासणीतली वॉर्निंग त्यानंच जाते. आकड्याचा पॉइंटर करून पुन्हा तोच आकडा मिळेल अशी हमी सी चं मानक देत नाही, पण लिनक्सवर जीसीसी आणि क्लँग दोन्हींत हे चालतं. लॅबच्या प्रोग्रॅमला एवढं पुरतं.

एकापेक्षा जास्त गोष्टी द्यायच्या असतील, आणि खऱ्या कामात तसंच असतं, तर एक स्ट्रक्चर करा. समजा मोठ्या ॲरेची बेरीज चार थ्रेडमध्ये वाटायचीय. स्ट्रक्चरमध्ये सुरुवात, शेवट, डेटाचा पॉइंटर आणि उत्तरासाठी जागा. अशा स्ट्रक्चरचा चार घरांचा ॲरे मेनमध्ये, आणि थ्रेडला ‘&कामं[आय]’. प्रत्येकाला आपलं घर, दुसऱ्याच्या घरात कोणी जात नाही. उत्तरही त्याच घरात लिहायचं आणि जॉइन झाल्यावर मेननं वाचायचं. इथं म्युटेक्सची, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपाची, गरज नाही: क्रिएटच्या आधी मेननं लिहिलेलं नव्या थ्रेडला दिसतं आणि थ्रेडनं लिहिलेलं जॉइननंतर मेनला दिसतं, हे पॉझिक्स या थ्रेडच्या मानकातच ठरलेलं आहे. अट एकच, दोन्हींच्या मध्ये मेननं त्या घराला हात लावायचा नाही. बेरीज करताना मात्र आतल्या लोकल व्हेरिएबलमध्ये करा आणि शेवटी एकदाच घरात लिहा. शेजारशेजारची घरं बहुधा एकाच ६४ बाइटच्या कॅश लाइनमध्ये, म्हणजे प्रोसेसर मेमरीतून एकदम उचलतो त्या तुकड्यात, येतात. चार कोअर तीच लाइन सारखी ओढत बसले तर उत्तर बरोबर येतं, पण वेग जातो. मी शिकवताना हीच पद्धत आधी देतो, कारण यात मालकी कोणाची हा प्रश्नच उरत नाही.

तिसरा उपाय मालॉक, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना वेगळी जागा मागून घेणं आणि काम झाल्यावर फ्री करून परत देणं. त्याची काळजी वेगळी आहे, ती पुढं.

म्युटेक्स लावून पाहिलं पण फरक पडला नाही, असं सांगणारे पुष्कळ असतात. प्रिंटएफभोवती कुलूप लावल्यानं पाटीसमोर रांग लागते, एवढंच. पाटीवरचा नंबर तोवर बदललेलाच असतो. व्होलाटाइल लिहिल्यानंही हेच.

तिसरी तपासणी: आधी केलेली मलमपट्टी काढा

प्रोग्रॅममध्ये स्लीप किंवा यूस्लीप दिसतोय? काढा. तो ठेवला तर प्रत्येक चालकाला पाटीपर्यंत पोचायला वेळ मिळतो, म्हणून उत्तर बरोबर दिसतं. मशीनवर ताण वाढला की तो वेळ पुरत नाही.

क्रिएट केल्यावर त्याच लूपमध्ये लगेच जॉइन केलंय? त्यानं उत्तर खरोखर बरोबर येतं, कारण एक थ्रेड संपल्याशिवाय दुसरा सुरूच होत नाही. पण मग थ्रेड कशाला केले? आधी सगळे क्रिएट एका लूपमध्ये, मग सगळे जॉइन दुसऱ्या लूपमध्ये. जाता जाता पहिलं अर्ग्युमेंटही बघा. पाच थ्रेडना एकच ‘&टी’ दिलं असेल तर शेवटच्याचीच ओळख हातात राहते आणि जॉइन भलतीकडं होतं.

ही मलमपट्टी काढल्याशिवाय पुढच्या तपासण्या खरं बोलणार नाहीत, म्हणून ही पायरी ओलांडू नका.

चौथी तपासणी: डबा किती वेळ टिकतो?

डबा म्हणजे थ्रेडला जिचा पत्ता दिला ती जागा. पत्ते वेगवेगळे आहेत, तरी आकडे भलते येतात. आता विचारायचं, की ज्या फंक्शनमध्ये स्ट्रक्चर जाहीर केलं, ते फंक्शन थ्रेड चालू असतानाच परत फिरतंय का? ‘थ्रेड_सुरू_करा’ असं नीटनेटकं फंक्शन लिहून, त्यात लोकल स्ट्रक्चर भरून, क्रिएट करून रिटर्न करणारी मुलं हुशार असतात, आणि नेमकी तीच इथं अडकतात. फंक्शन संपलं की त्याची स्टॅकवरची जागा पुढच्या फंक्शनला मिळते. थ्रेड मात्र जुन्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवतो.

३२७६७ आणि २१८४५ इथंच भेटतात. हेक्साडेसिमलमध्ये ते ७एफएफएफ आणि ५५५५ होतात. ६४ बिटच्या लिनक्सवर स्टॅकचे आणि प्रोग्रॅमचे पत्ते बहुधा याच अंकांनी सुरू होतात. असा आकडा दिसला, तर तुमचा नंबर राहायचा त्या जागी आता कुठल्या तरी पत्त्याचा वरचा अर्धा भाग पडलाय असं समजा.

उपाय: डबा अशा ठिकाणी ठेवा जो थ्रेडपेक्षा जास्त टिकेल. मेनमध्ये ठेवून जॉइनपर्यंत थांबा, किंवा मालॉक करा. डिटॅच केलेल्या थ्रेडला लोकल व्हेरिएबलचा पत्ता कधीही देऊ नका, कारण त्याची वाट बघायला कोणी नसतं.

उलट दिशेलाही हाच नियम लागतो. थ्रेडनं आपल्या लोकल व्हेरिएबलचा पत्ता रिटर्न केला तर जॉइनमध्ये हाती कचरा येतो.

पाचवी तपासणी: डबा वेगळा, पण आतला पॉइंटर?

याला वेळ लागतो, कारण वरवर सगळं बरोबर दिसतं. एका मुलीनं फाइलमधून गावांची नावं वाचून प्रत्येकासाठी एक थ्रेड केला होता: खानापूर, नंदगड, बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक. स्ट्रक्चरचा ॲरे होता, पत्ते वेगळे होते, नंबर अचूक येत होते. गाव मात्र सगळीकडं गोकाक.

एफगेट्स दर वेळी एकाच बफरमध्ये वाचत होतं आणि प्रत्येक स्ट्रक्चरमधला कॅर पॉइंटर त्याच बफरकडं बोट दाखवत होता. म्हणजे चिठ्ठ्या पाच छापल्या, पण प्रत्येकीवर लिहिलं, ‘पाटी बघा’. स्ट्रक्चरमध्येच कॅरचा ॲरे ठेवून नाव त्यात उतरवून घ्या, नाहीतर एसटीआरडपनं नावाची वेगळी प्रत करून ती थ्रेडच्या शेवटी फ्री करा. स्ट्रक्चरमध्ये जितके पॉइंटर असतील तितक्या वेळा विचारा: हा कुणाच्या जागेकडं बघतोय आणि त्या जागेवर अजून कोण लिहितंय?

प्रकारांची गल्लतही इथंच तपासा. शॉर्टचा पत्ता देऊन आत इंट म्हणून वाचला, तर शेजारचे दोन बाइटही उचलले जातात. व्हॉइड पॉइंटरमधून प्रकाराची माहिती जात नाही, म्हणून कंपायलर इथं बोलत नाही.

सहावी तपासणी: मालॉक केलंय, तर फ्री कोण करतो?

किती थ्रेड होतील हे आधी माहीत नसेल, सर्व्हरसारखं, तर दर थ्रेडला वेगळा मालॉक हाच सरळ मार्ग. नियम असा धरा: क्रिएट यशस्वी झाला त्या क्षणी डब्याची मालकी थ्रेडकडं गेली. थ्रेडच फ्री करेल, तेही एकदाच. मेननं त्यानंतर त्यातलं वाचायचंसुद्धा नाही. लूपमध्ये क्रिएटच्या पुढच्याच ओळीत फ्री लिहिणारे दिसतात. ती पाटी पुसण्याचीच दुसरी तऱ्हा.

क्रिएट अपयशी झाला तर मालकी मेनकडंच राहते, म्हणून त्याचं उत्तर तपासावं लागतं. यश असेल तर ०, नाहीतर चुकीचा क्रमांक. तो क्रमांक परत आलेल्या किमतीतच असतो, एररनो या चूक नोंदवणाऱ्या नेहमीच्या व्हेरिएबलमध्ये नाही. पीएररनं छापायला जाल तर भलताच संदेश मिळेल, एसटीआरएरर वापरा.

मालॉक वापरताना दुसऱ्या तपासणीतले पत्ते कधीकधी सारखे दिसतील. पहिल्या थ्रेडनं फ्री केलेली जागा पुढच्या मालॉकला परत मिळू शकते. तो दोष नाही.

सातवी तपासणी: साधनं

डोळ्यांनी सापडलं नाही तर ‘-जी -एफसॅनिटाइझ=थ्रेड’ देऊन पुन्हा कंपाइल करा आणि चालवा. हा थ्रेडसॅनिटायझर. प्रोग्रॅम साधारण ५ ते १५ पट हळू होतो, मेमरीही कितीतरी जास्त लागते, पण ‘डेटा रेस’ असं सांगून तो दोन्ही जागा ओळ क्रमांकासह दाखवतो: थ्रेडनं कुठं वाचलं आणि मेननं कुठं लिहिलं. आपल्या &आय च्या प्रोग्रॅममध्ये तो फॉरच्या ओळीवरच बोट ठेवतो आणि जागा मेन थ्रेडच्या स्टॅकवर आहे, हेही सांगतो. विंडोजवरच्या मिनजीडब्ल्यूत हे चालत नाही, लिनक्स किंवा डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय, लागेल. पुन्हा कंपाइल करणं शक्य नसेल तर व्हॅलग्राइंडचं हेलग्राइंड वापरा.

चौथ्या आणि सहाव्या तपासणीतल्या चुकांसाठी ॲड्रेससॅनिटायझर आहे. दोन्ही एकत्र लावता येत नाहीत, वेगवेगळे चालवा. आणि लक्षात ठेवा, थ्रेडसॅनिटायझर त्या एका वेळी जे घडलं तेवढंच पकडतो. एकदा गप्प राहिला म्हणून प्रोग्रॅम निर्दोष ठरत नाही, निरनिराळ्या इनपुटवर चालवा.

कुठं थांबायचं

लॅबचा शंभर ओळींचा प्रोग्रॅम असेल तर वरच्या सात पायऱ्यांत तो सुटतो. तरीही न सुटल्यास दोन तासांपेक्षा जास्त एकट्यानं झुंजू नका, शिकवणाऱ्यांना विचारा.

पण प्रोग्रॅम खऱ्या माणसांच्या पैशाशी, वजनाशी, औषधाशी किंवा मशीनशी जोडलेला असेल, तर पहिल्या तपासणीनंतरच थांबा. माझा एक जुना विद्यार्थी वजनकाट्याच्या एका प्रोग्रॅमवर काम करत होता. क्वचित एका गाडीचं वजन दुसऱ्या गाडीच्या पावतीवर उमटायचं. त्यानं स्लीप टाकला आणि चार दिवस सगळं शांत होतं. पाचव्या दिवशी गर्दी झाली आणि पुन्हा तेच. पावतीवरचा आकडा म्हणजे कुणाच्या तरी वर्षभराच्या घामाचा हिशेब. अशा ठिकाणी स्वतः प्रयोग न करता तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या किंवा सांभाळणाऱ्या अनुभवी प्रोग्रॅमरला बोलवा, आणि तोवर आकडे हातानं पडताळायला सांगा.

आणखी दोन वेळा थांबायचं. दोन्ही सॅनिटायझर गप्प आहेत, तरी प्रोग्रॅम कोसळतोय. किंवा दोष अशा लायब्ररीत दिसतोय जिचा सोर्स तुमच्याकडं नाही.

जाणकाराकडं जाताना स्क्रीनचा फोटो नेऊ नका. चूक जिच्यात अजून दिसते अशी सगळ्यांत छोटी सी फाइल, कंपाइल करायची पूर्ण ओळ, जीसीसीची आवृत्ती आणि थ्रेडसॅनिटायझरचा अहवाल, एवढं पेनड्राइव्हमध्ये घ्या. ती छोटी फाइल करतानाच निम्म्या पोरांना चूक सापडते आणि बसचं तिकीट वाचतं.